आधार दोघांकडेही होतं, मग घुसखोर कोण हे कशावरून ठरवायचं?

लादीकाम_कोपरखैरणे

नमस्कार मंडळी. मी लादी-प्लंबिंगची कामं घेतो, छोटा ठेकेदार. एका वेळी फार तर दोन-तीन फ्लॅट चालू असतात. वडील माथाडी होते, मशीद बंदरला पोती वाहिली, बाजार वाशीला आला तसे आम्हीही खाडी ओलांडून इकडे आलो. पक्षांच्या भांडणात मला पडायचं नाही, कृपा करून धागा तिकडे नेऊ नका.

गेल्या महिन्यात घणसोलीत एका टू बीएचकेचं काम चालू होतं. चार माणसं होती. दोन मिस्त्री बंगालचे, मालदा जिल्ह्यातले, आणि दोन हेल्पर मुकादमानं दिलेले. जेवायच्या वेळेला पोलीस आले, बोलणं ऐकलं, कागद मागितले आणि चौघांनाही गाडीत घातलं. मी तुर्भ्याला ग्राउट आणायला गेलो होतो. परत आलो तर घमेल्यात कालवलेला माल दगड झालेला आणि अर्ध्या बसवलेल्या हॉलमध्ये चार डबे उघडे पडलेले.

२०२५ च्या जानेवारीत अभिनेता सैफ अली खानवरच्या हल्ल्यातला आरोपी, पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे बांगलादेशी, घोडबंदर रोडला, कासारवडवलीच्या मजूर छावणीजवळ सापडला. तेव्हापासून आपल्या पट्ट्यात ही तपासणी वाढली आहे. तपासणीला माझा विरोध नाही. पुढे काय झालं ते सांगतो.

थोरला मिस्त्री माझ्याकडे नऊ वर्षं आहे. लादी बसली की दुसऱ्या दिवशी तो हातोडीचा लाकडी दांडा घेऊन खोलीभर उकिडवा फिरतो, एकेका लादीच्या चारही कोपऱ्यांवर ठोकून कान देतो. एक कोपरा जरी पोकळ वाजला तरी ती लादी उचकटतो, मला विचारतसुद्धा नाही. त्याच्याकडे आधार, मतदार ओळखपत्र, २००२ च्या मतदार यादीतल्या बापाच्या नावाचं पान आणि आजोबांच्या जमिनीची दलिल, म्हणजे आपलं खरेदीखत. चार घड्या घालून प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी बनियनच्या आत. हे सगळं दाखवूनही तो चार दिवस बसून होता. फोन काढून घेतला होता. गावच्या पंचायतीनं आणि तिथल्या पोलिसांनी कळवलं तेव्हा सुटला. पाचव्या दिवशी कामावर आला, काही बोलला नाही, आधी ते घमेलं फोडायला बसला.

आणि दोन हेल्परांपैकी एकानं पहिल्याच रात्री कबूल केलं की तो सातखिऱ्याचा आहे, बांगलादेशातला. दलालाला पैसे देऊन आला, चौदा महिने झाले. त्याच्याकडेही आधार होतं. माझ्या फायलीत मिस्त्रीची झेरॉक्स आणि त्याची झेरॉक्स एकाखाली एक लावलेल्या आहेत. मी कितीदा पाहिल्या, मला फरक सांगता येत नाही.

अजून एक लिहायलाच हवं. त्या हेल्परला मी साडेपाचशे रोज देत होतो. नाक्यावरचा हेल्पर सातशेच्या खाली येत नाही. मुकादम म्हणाला हा साडेपाचशेत येतो. का येतो, हे मी विचारलं नाही. चूक माझी आहे.

बेकायदा आलेला माणूस परत गेला पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. देशाला दार असतं आणि दाराला कडी लागते. पण कडी सीमेवर लावायची सोडून घणसोलीच्या तिसऱ्या मजल्यावर भाषा ऐकून लावायची, हे मला पटत नाही. वडिलांच्या माथाडी कार्डावर टोळी क्रमांक, नोंदणी क्रमांक, फोटो होता. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यानं १९६९ चा कायदा झाला, त्यात मजुरी व्यापाऱ्यानं बोर्डात भरायची, वर लेव्ही, आणि बोर्ड हमालाला देणार. रजिस्टरात नाव नाही तो गोणीला हात लावू शकत नाही. हा माणूस कोण, कुठला, कुणाकडे कामाला, हे एका पानावर सापडायचं. नाक्यावरच्या मजुराचं असं पान का नाही? असतं तर मिस्त्री चार तासांत सुटला असता आणि तो दुसरा माझ्याकडे कामाला लागलाच नसता, असं मला वाटतं.

तुम्हाला काय वाटतं ते मोकळेपणानं लिहा. सीमेवर नोकरी केलेलं, कायद्यातलं कुणी असेल तर जरूर.

---

तुर्भे_स्टोअर

दादा, तुम्ही खरं लिहिलंत म्हणून मीही खरं लिहिते.

माझे आईवडील परभणीकडचे, २०१२-१३ च्या दुष्काळात इकडे आले. आज चौदा वर्षं दोघं नाक्यावर उभे राहतात. सकाळी सातला जाऊन साडेदहापर्यंत कुणी नेलं नाही तर आई डबा तसाच घेऊन परत येते. गाडी थांबते, माणूस काच खाली करतो, विचारतो, साडेपाचशेत कोण येतं? वडील सातशे म्हणाले की काच वर. तो साडेपाचशेत येणारा कुठून आलाय हे कुणी विचारत नाही. तुम्हीही विचारलं नाहीत, ते तुम्ही कबूल केलंत, पण ते दीडशे रुपये आमच्या घरातून गेले.

म्हणून "बिचारे पोटासाठी येतात" असं कुणी म्हटलं की मला राग येतो. आम्हीही पोटासाठीच आलो.

दुसरं, माथाडीसारखं पान हवं म्हणता. ते आहे. बांधकाम कामगारांचा कायदा १९९६ मध्येच झाला, मंडळ आहे, बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर जमा होतो. नोंदणीला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि तो ठेकेदारानं द्यायचा. माझ्या वडिलांनी चौदा वर्षांत किती ठेकेदारांकडे काम केलं त्याची गणती नाही. सहीचा दाखला एकानं दिला, तोही ओळखीतला. तुम्ही आजवर किती जणांना दिलात?

---

कामोठे_निवृत्त

सीमा सुरक्षा दलात सव्वीस वर्षं काढली, त्यातली अकरा बंगालात. मुर्शिदाबाद आणि उत्तर चोवीस परगणा. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडे लोक विचारतात, कुंपण असताना येतातच कसे? सीमा ४,०९६ किलोमीटर. ३,२०० च्या वर कुंपण झालंय, साडेआठशेच्या आसपास बाकी आहे, आणि त्यातल्या पावणेदोनशे किलोमीटरवर ते घालताच येत नाही. नदी, दलदल, चर. चर म्हणजे नदीनं टाकलेलं रेतीचं बेट. मी ज्या चरावर एका हिवाळ्यात गस्त घातली तो पुढच्या श्रावणात पाण्याखाली गेला होता. तिथे खांब कुठे रोवणार?

शिवाय कुंपण म्हणजे सीमा नव्हे. दोन्ही देशांनी १९७५ मध्ये ठरवलेल्या नियमांप्रमाणे रेषेपासून दीडशे यार्डांच्या आत संरक्षणाचं बांधकाम करायचं नाही, त्यामुळे कुंपण मागे सरकलंय. पलीकडे आपलीच शेतं, काही जागी आपलीच घरं. सकाळी फाटक उघडतं. बायका विळा-टोपली घेऊन रांगेत, ओळखपत्र जमा करायचं, रजिस्टरात नाव, आत. संध्याकाळी फाटक बंद व्हायच्या आत परत, ओळखपत्र घ्यायचं, नावापुढे खूण. एक खूण कमी पडली की आम्ही टॉर्च घेऊन शेतात. आषाढात ताग डोक्याच्या वर जातो, चार पावलांवरचा माणूस दिसत नाही, नुसती सळसळ ऐकू येते. धुक्यात त्याहून वाईट.

ठेकेदार, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर हे. अकरा वर्षांत मला एकदाही बोलीवरून माणूस ओळखता आला नाही. नदीच्या या काठाला जी बोली तीच त्या काठाला. मी ओळखायचो ते रजिस्टरवरून. मग घणसोलीत भाषा ऐकून कुणी कसं ओळखणार?

पण तुर्भेच्या ताईंचंही शंभर टक्के खरं. येणारा येतो कारण इकडे काम ठरलेलं असतं. आम्ही पकडलेल्यांच्या खिशात बऱ्याचदा एक फोन नंबर असायचा, मुंबई-ठाण्याचा, बंगळुरूचा, दिल्लीचा. तो दलालाच्या माणसाचा. आम्ही माणूस पकडायचो, नंबर तसाच राहायचा. सीमेवर दुप्पट जवान उभे करा, जरूर करा, कॅमेरे लावा, पण तो नंबर चालू आहे तोवर ताग हलत राहणार.

परत पाठवण्याबद्दलही सांगतो. रीत अशी की समोरच्या दलाबरोबर फ्लॅग मीटिंग होते, नाव-गाव पडताळलं जातं, मग ते त्यांचा माणूस घेतात. पडताळणी न करता रात्री कुणाला पुढे ढकललं आणि त्यांनी घेतलं नाही, तर बाई-पोरं दोन्ही बंदुकांच्या मधे शेतात बसून राहतात. अशा वेळी जवानावर काय येतं, ते त्यालाच ठाऊक. मला ते काम सांगितलेलं कधी आवडलं नसतं.

---

ऐरोली_नाइटशिफ्ट

मालकाला जबाबदार धरा हा उपाय अमेरिकेनं १९८६ मध्येच केला. त्या कायद्यानं जवळपास २७ लाख लोकांना कायदेशीर करून घेतलं आणि सोबत मालकांवर कागद तपासायची सक्ती आणली. पण कागद वरवर खरा वाटला की मालक सुटला, अशी ती रचना होती. खोटी कार्डं निघाली, मधे सबकॉन्ट्रॅक्टर आले आणि बेकायदा राहणाऱ्यांची संख्या पुढे कित्येक पटींनी वाढली. मी चार वर्षं टेक्सासात होतो, हे समोर पाहिलंय. आणि २०२५ च्या फेब्रुवारीत लष्करी विमानातून बेड्या घालून अमृतसरला जे १०४ जण उतरवले, ते आपलेच होते, तिघं महाराष्ट्रातले. तेव्हा बेड्यांवरून आपल्याला वाईट वाटलं. मालकाची सक्ती आणायची तर नोंदणी ऑनलाइन पडताळणारी हवी, झेरॉक्सवाली नको.

---

वकील_ठाणे

या विषयातल्या फाइली मी ठाण्याच्या कोर्टात हाताळते, म्हणून कायद्यापुरतं स्पष्ट करते.

आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, असं आधार कायद्याच्या ९ व्या कलमातच लिहिलेलं आहे. ते रहिवाशाला मिळतं. वर्षभरात १८२ दिवस इथे राहिलेला परदेशी माणूसही ते रीतसर घेऊ शकतो. तेव्हा ठेकेदार, तुम्हाला दोन झेरॉक्समध्ये फरक दिसला नाही यात नवल नाही, तो कागद त्या कामासाठी बनलेलाच नाही.

जन्मानं नागरिक कोण, हे जन्मतारखेवर ठरतं. १ जुलै १९८७ च्या आधी भारतात जन्मलेला, सहसा तेवढ्यानंच नागरिक. त्यानंतर ३ डिसेंबर २००४ पर्यंत जन्मलेल्याचा आई किंवा बाप नागरिक हवा. त्यानंतर जन्मलेल्याचे दोघंही, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला. आता तुमचा मिस्त्री चाळिशीचा असेल तर त्याला फक्त भारतात जन्म दाखवायचाय, आणि त्याच्या पंचवीस वर्षांच्या हेल्परला आईबापाचाही कागद. गावी घरी जन्मलेल्या किती जणांकडे तो असतो?

१ सप्टेंबर २०२५ पासून नवा इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा आला, १९४६ चा जुना रद्द झाला. विनापासपोर्ट आत आल्यास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मी परदेशी नाही हे सिद्ध करायचा भार जुन्या कायद्याप्रमाणेच त्या माणसावर. पण आसामच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२४ मध्ये बजावलंय की हाती काही आधारभूत माहिती नसताना कुणालाही उचलून "सिद्ध कर" म्हणता येत नाही. त्या माणसाला नावाच्या स्पेलिंगमधल्या आणि तारखांमधल्या फरकांवर परदेशी ठरवलं होतं. माझ्या मते बंगाली बोलणं ही आधारभूत माहिती होऊच शकत नाही.

घाई केली की काय होतं तेही पाहिलंय. २०२५ च्या जूनमध्ये आपल्याच जिल्ह्यातून, मीरा रोडहून, धरलेला मुर्शिदाबादचा एक गवंडी सीमेपार पाठवला गेला आणि भारतीय निघाल्यावर परत आणावा लागला. दिल्लीहून तशीच पाठवलेली बीरभूमची गरोदर बाई कोर्टकज्जे होऊन डिसेंबरमध्ये मायदेशी आली. आणि सगळ्यांचीच यादी करू म्हटलं, तर आसामचं उदाहरण आहे. तिथल्या नागरिक नोंदणीच्या (एनआरसी) २०१९ च्या अंतिम यादीतून १९ लाखांवर लोक बाहेर राहिले आणि त्यांचं काय करायचं हे अजून सुटलेलं नाही.

कामोठ्याच्या काकांनी फोन नंबरचं लिहिलं त्यावर एकच सांगते. माझ्या फाइलींत आरोपी मजूर असतो, क्वचित घरमालक. मुकादम आरोपी म्हणून मी एकदाच पाहिला. दलालापर्यंत तपास गेलेला एकदाही नाही.

---

कौसा_मुंब्रा

आम्ही मूळचे खेड तालुक्यातले, घरात मराठी-कोकणी बोलतो. तरी नाव वाचलं की माझ्या भावाला "गाव कुठलं" चार वेळा विचारतात. त्याचा त्रास होतो, एवढंच नोंदवतो.

माझे मामू दुबईत कफीलशी, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा असतो त्या मालकाशी, वाजलं म्हणून पळाले आणि तीन वर्षं बेकायदा राहिले. पासपोर्ट कफीलकडे, रोजचा दंड चढत गेलेला. रात्रीची सायरन वाजली की जिन्याखाली. मग तिथल्या सरकारनं माफीची मुदत काढली, २०१८ ची. स्वतःहून या, दंड माफ, घरी जा. मामू रांगेत उभे राहिले, कागद मिळाला, नऊ दिवसांत खेडला. २०२४ लाही सप्टेंबर ते डिसेंबर त्यांनी तेच केलं. तो देश कडक आहे, त्यांना मऊ कुणी म्हणणार नाही. तरी त्यांनी हिशोब केला की माणूस शोधून, डांबून, जेऊ घालून पाठवण्यापेक्षा तो स्वतः चालत आलेला बरा.

आपणही सहा महिन्यांची खिडकी उघडावी. स्वतःहून आला तर खटला नाही, बोटांचे ठसे घ्या, परत पाठवा. पुन्हा सापडला तर मात्र दया नको.

---

लादीकाम_कोपरखैरणे

सगळ्यांचं दोन-दोनदा वाचलं.

तुर्भेच्या ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: एकही नाही. एकोणीस वर्षांत मी ९० दिवसांच्या एकाही दाखल्यावर सही केली नाही. कुणी मागितला की मी म्हणायचो, माझ्याकडे तू सलग कुठे आहेस? खरं कारण हे की सही केली की माझं नाव कागदावर येतं आणि मग किती मजुरी दिली हेही येतं. या आठवड्यात अकरा जणांची वही काढून बसलो आहे, ज्यांचे दिवस भरतात त्यांना देतो. तुमच्या वडिलांनी माझ्याकडे काम केलं असेल तर निरोप करा.

कौसाच्या भाऊंचा उपाय मला सर्वात जवळचा वाटला, कारण त्या हेल्परला जायचंच होतं. त्याची आई आजारी होती. चौथ्या महिन्यापासून जायचं म्हणत होता, पण जाताना पकडला गेलो तर, म्हणून थांबला. येताना दलाल, जाताना पुन्हा दलाल, आणि दोन्ही वेळा पैसे. त्याला सरळ दारानं जायची वाट असती तर आज एक कोठडी रिकामी असती.

आमच्या सोसायटीचा वॉचमन नेपाळचा आहे. १९५० च्या करारामुळे त्याला व्हिसा लागत नाही, दशैंला, म्हणजे त्यांच्या दसऱ्याला, गावी जातो आणि परत येतो. तीच मुभा बांगलादेशाला द्या असं मी म्हणत नाही, तिकडची माणसं किती आणि इकडचा नाका केवढा हे मला कळतं. पण मोजून, नोंद करून, ठरलेल्या महिन्यांसाठी आणि सातशेच्याच दरानं येऊ दिली, तर साडेपाचशेवाला मुकादम कुणाला विकणार? ऐरोलीकर म्हणतात तसं झेरॉक्सवर नको, हेही मान्य.

काका, त्या नंबरचं तुम्ही लिहिल्यापासून मुकादमाचा नंबर फोनमध्ये पाहतोय. पोलिसांनी मला त्याच्याबद्दल फक्त एकदा विचारलं. उद्या जाऊन लेखी देणार आहे. कामं बंद होतील काही दिवस, होऊ देत.

वकीलताई, एक विचारायचं आहे. त्या हेल्परची अकरा दिवसांची मजुरी माझ्याकडे आहे. सातशेच्या हिशोबानं ७,७०० पाकिटात घालून ठेवलीत. त्याला सध्या तुरुंगात ठेवलंय. मी त्याचा कुणी नाही. हे पैसे त्याच्यापर्यंत जातील का, आणि मी दिले तर त्याच्या केसवर काही परिणाम होईल का?

---

वकील_ठाणे

कैद्याच्या नावानं तुरुंगाच्या पत्त्यावर मनीऑर्डर करता येते, पैसे त्याच्या खात्यावर जमा होतात. आत एका वेळी किती ठेवता येतात त्याला मर्यादा असते, ती आधी तुरुंगात विचारा, नाहीतर मनीऑर्डर परत येईल. देणं असलेली मजुरी दिल्यानं त्याचं काही बिघडत नाही. पावती मात्र जपून ठेवा, आणि मुकादमाबद्दल लेखी द्याल तेव्हा तुम्ही त्या हेल्परला काय दरानं ठेवलं होतं तेही त्यातच लिहा, पोलिसांनी नंतर शोधून काढण्यापेक्षा तुम्ही सांगितलेलं बरं. अर्जाची पोच घेतल्याशिवाय तिथून निघू नका.